गेटवरची शेकोटी, गच्चीवरचा हीटर : एका हिवाळ्याच्या नोंदी

२४ नोव्हेंबर

बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून या महिन्यातली तिसरी तक्रार. दोन नंबर गेटवर रात्रभर शेकोटी, बेडरूममध्ये धूर, घरात दम्याचा पेशंट. चेअरमननी कमिटीच्या ग्रुपवर लगेच नोटिशीचा मसुदा टाकला : यापुढे शेकोटी दिसली तर सिक्युरिटीच्या बिलातून दंड कापू. मी विचारलं, मग रात्रपाळीच्या काकांनी थंडीत काय करायचं? उत्तरादाखल दोन अंगठे आले आणि ‘तुमचं इन्स्ट्रुमेंटेशनचं काम, तुम्हीच काहीतरी सुचवा’. विषय माझ्या गळ्यात. सहा हजार रुपये आणि जानेवारीअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली.

नियम चेअरमनच्या बाजूनं आहे, हे मान्य. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादानं त्यावर पाच हजारांचा दंड सांगितला, मोठ्या प्रमाणात जाळलं तर पंचवीस हजार. दिल्लीत मात्र हवा बिघडली की जो ‘ग्रॅप’ (टप्प्याटप्प्यानं निर्बंध वाढवणारा आराखडा) लागू होतो, त्यात सोसायट्यांनी वॉचमन आणि सफाईवाल्यांना इलेक्ट्रिक हीटर द्यावेत असं कलमच आहे. म्हणजे निदान तिथं ‘मग काय करायचं’ हा प्रश्न कुणाला तरी पडला.

२६ नोव्हेंबर, पहाटे

गजर लावून साडेतीनला खाली गेले. सोबत थर्मामीटर, अंतरावरून तापमान मोजायची गन आणि रद्दीवाल्याकडून मागून आणलेला ताणकाटा.

गेटवर ११.६ अंश. आम्ही पुण्यात पाषाणला, रामनदीच्या अंगाला, त्यामुळे मगरपट्ट्यासारख्या उबदार भागातल्या लोकांना आमची थंडी सांगून पटत नाही. काका लोखंडी खुर्चीवर, गेटच्या बाहेरच्या उघड्या जागेत. केबिन आहे, पण तिथून रस्ता दिसत नाही. शिवाय आत डास.

कोपऱ्यातला जळणाचा ढीग पाहिला. पाचोळा, नारळाच्या झावळ्या, खोके, इथवर ठीक. खाली सी विंगमधल्या फर्निचरच्या कामातले प्लायचे तुकडे, काहींना सनमायका चिकटलेला. वायरीचं सोललेलं आवरण. थर्माकोल. बी विंगमध्ये जातो तो धूर या खालच्या थराचा. आणि हा थर वॉचमननं पैदा केलेला नाही. ज्या फ्लॅटांतून तो आला, त्यातल्या एकानं तक्रारीवर सही केली आहे.

सगळं जळण पोत्यात भरून काट्याला लावलं. रात्रीला साधारण नऊ किलो जातं, असं काकांच्या बोलण्यावरून दिसतं. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ४ युनिट उष्णता, म्हणजे ३६ युनिट. एक ते साडेपाच या वेळात जाळलं तर सरासरी आठ किलोवॅट. घरात दोन किलोवॅटचा गीझर असतो. गेटवर असे चार गीझर चालू आहेत आणि शेकणारी माणसं दोन.

एक गंमत करून पाहिली. गन आभाळाकडे धरली. उणे १९. मग तीच गन पोर्चच्या स्लॅबकडे धरली, तर १५. काकांना दाखवलं तर म्हणाले, “मशीन बिघडलं वाटतं तुमचं.” बिघडलं नव्हतं. ढग नसलेल्या कोरड्या रात्री आभाळ इतकं थंड ‘दिसतं’, आणि उघड्यावर बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता त्याच्याकडे सारखी जात राहते. खुर्ची चार फूट मागे, पोर्चखाली घेतली तरी फरक पडावा. फुकटचा उपाय. लिहून ठेवते.

३० नोव्हेंबर

घरात पडून असलेला धुळीचा लेझर सेन्सर ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडला, पॉवर बँकेवर ठेवला, आणि शेकोटीपासून तीन मीटरवर, वारा जातो त्या बाजूला टांगला. तीन रात्रींचे आकडे असे : शेकोटी पेटायच्या आधी पीएम २.५ (छातीत जाणारे अतिसूक्ष्म कण, घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये) पन्नासच्या आसपास. पाचोळा पेटताना तो चारशेच्या पुढे उडी मारतो, ज्वाळ धरली की दीडशेवर येतो. पहाटे निखाऱ्यावर ओला पाला टाकला की पुन्हा सहाशे. आपल्याकडचं चोवीस तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५.

हा स्वस्तातला सेन्सर धुक्यात आणि दमट हवेत जरा चढेच आकडे देतो, म्हणून नेमक्या आकड्यावर मी भांडणार नाही. पण पन्नास आणि सहाशे यांतला फरक धुक्यानं पडत नाही. पुण्याच्या थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. धूर वर जातच नाही. पहिल्या मजल्याच्या उंचीवर आडवा पसरतो. बी विंगची तक्रार शंभर टक्के खरी.

४ डिसेंबर

पहिला प्रयोग, आणि तो माझ्यामुळे फसला.

घरचा १,५०० वॉटचा इन्फ्रारेड हीटर गेटच्या खांबाला बांधला. केबिनमधला पॉइंट साधा ६ अँपिअरचा. दीड हजार वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर, हे मला तोंडपाठ असायला हवं. असूनही ‘रात्रीपुरतं चालेल’ म्हणून एक्स्टेंशन बोर्ड लावला. अडीच वाजता काकांचा फोन : “मॅडम, वास येतोय.” प्लगची एक पिन काळी पडलेली, बोर्डाचं प्लॅस्टिक मऊ. वर दव पडून सगळं ओलं. मेन बंद केला आणि गप घरी आले. हाच बोर्ड दुसऱ्या कुणी लावला असता तर मी केवढं भाषण दिलं असतं.

हीटर चालू होता त्या चार तासांचा काकांचा अभिप्राय : “पुढनं भाजतंय, मागनं गारठतंय. अन् जरा सरकलं की काहीच नाही.” अगदी बरोबर. इन्फ्रारेड समोरच्या पृष्ठभागाला ऊब देतो, मधल्या हवेला फारशी नाही. शेकोटीजवळही माणसं म्हणूनच दर पाच मिनिटांनी पाठ फिरवतात.

खजिनदारांचं गणित वेगळंच. रात्रीचे आठ तास धरले तर १२ युनिट. आमच्या कॉमन मीटरला सगळे आकार धरून युनिट तेरा रुपयांच्या आसपास पडतं. एका गेटचे दीडशेच्या वर. “त्यापेक्षा शेकोटी बरी,” म्हणाले. आणि कार्बनच्या हिशेबानं पाहिलं तर देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे एका रात्रीत साडेआठ किलो. बी विंगचा धूर थांबेल, तो चंद्रपूरच्या चिमणीतून निघेल.

११ डिसेंबर

आज पहाटे जे पाहिलं त्यानं हात थंड पडले.

एक नंबर गेटवरचा पोरगा (एकोणीस-वीसचा असेल, लातूरकडचा, दोनच महिने झालेत) शेकोटीवर बंदी येणार म्हणून घाबरला होता. त्यानं निखारे घमेल्यात भरून केबिनमध्ये नेले, काच लावून घेतली आणि मान टाकून बसला. सेन्सर बघायला गेले म्हणून दिसला. दार उघडलं, हलवलं, तर म्हणाला, “डोकं लई जड झालंय ताई.” बाहेर मोकळ्या हवेत बसवलं. पंधरा मिनिटांनी तरतरी आली, तरी सकाळी डॉक्टरांकडे पाठवलाच.

धूर दिसत नाही म्हणून लोकांना निखारा सुरक्षित वाटतो. उलट आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. नुसती झोप येते. आणि रात्रपाळीच्या माणसाला झोप येणं कुणाला वेगळं वाटत नाही.

ग्रुपवर फोटोसकट टाकलं. नोटीस मागे घ्या, पर्याय मिळेपर्यंत उघड्यावरची शेकोटी चालू द्या, फक्त प्लाय, प्लॅस्टिक, थर्माकोल बंद. या वेळी एकही अंगठा आला नाही, पण विरोधही नाही. घमेलं माझ्या बाल्कनीत आणून ठेवलंय.

१५ डिसेंबर

सुताराला बोलावलं. दोन्ही गेटांवर पोर्चच्या कडेला, वारा येतो त्या बाजूनं, पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा चार फुटी आडोसा. केबिनच्या खिडकीला डासांची जाळी. रस्ता दिसावा म्हणून केबिनचा आरसा बदलून कोपऱ्यावरचा बहिर्वक्र आरसा. लोखंडी खुर्चीवर जुन्या सतरंजीच्या दोन घड्या. मजुरीसह ३,८५०.

इथं एक कबुली. डासांचा मुद्दा मी पहिल्या दिवशी ऐकला आणि सोडून दिला. दुसऱ्यांदा बसले तेव्हा काका म्हणाले, “थंडीचं एक वेळ सोसतं मॅडम, मच्छर बसू देत नाहीत.” धुरानं डास पळतात. शिवाय जाळ असला की झोप लागत नाही, कुत्री जवळ येतात पण भुंकत नाहीत, पेपर टाकणारी पोरं हात शेकायला थांबतात, दूधवाला तंबाखू मळतो. एकाच जाळात पाच कामं. मी त्यातल्या एकाचाच पर्याय घेऊन गेले होते.

१९ डिसेंबर

पाय शेकायची रबरी मॅट आली. ७० वॉट, थर्मोस्टॅट, ओलं चालतं. दोन घेतल्या, २,१००. मॅटवर पाय, गुडघ्यांवरून खालपर्यंत सोडलेली गोधडी. गोधडी महत्त्वाची; नुसती मॅट उघड्यावर ठेवली तर ती फरशी तापवते.

डोक्यात काश्मीरची कांगडी होती. फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या आत टोपलीत ओंजळभर निखारे, तेवढ्यावर माणूस दिवस काढतो, कारण ऊब कपड्याबाहेर जात नाही. कांगडीनं पोटामांड्यांच्या कातडीला कॅन्सर होतो हेही खरं, म्हणून निखारा वजा करून बाकीची युक्ती घेतली. आमच्या सासवडच्या घरी अंगणात तांब्याचा बंब होता, तो आठवला. मधून नळकांडं, भोवती पाणी. आजी चार झिलप्या आणि दोन गोवऱ्यांत अख्ख्या घराच्या अंघोळी काढायची. तेवढंच जळण तीन दगडांच्या चुलीवर निम्म्या घरालाही पुरलं नसतं.

माणसाचं अंग बसल्या बसल्या शंभरेक वॉट उष्णता देतं. ती अडवून धरली आणि वर सत्तर दिली, की झालं. पहाटे साडेचारला, बाहेर १०.२ असताना, गोधडीखाली २९.

२२ डिसेंबर

कल्चरल कमिटीचा निरोप : एकतीस तारखेला गच्चीवर पार्टी, थंडी फार, म्हणून छत्रीवाले गॅस हीटर भाड्यानं आणणार, दोन नग. “हॉटेलच्या टेरेसवर असतात ना, तसे.” कुणाचीच तक्रार नाही. खजिनदारांनी आकडा विचारला नाही.

मी भांडले नाही. म्हटलं, आणा, मला मोजू द्या.

या छत्र्या युरोपातल्या कॅफेंत फार दिसायच्या. इंग्लंडमध्ये जुलै २००७ मध्ये बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आली. सगळे ओढणारे बाहेर आले आणि त्यांच्यामागे हीटरही. २००८ मध्ये युरोपियन पार्लमेंटनं असे हीटर बाजारातून हळूहळू काढा, असा ठराव केला. फ्रान्समध्ये रेन शहरानं जानेवारी २०२० पासून टेरेसवरचे हीटर बंद केले आणि मार्च २०२२ अखेरपासून देशभर बंदी आली. चारी बाजूंनी बंद केलेल्या जागांना सूट. पॅरिसचे काही कॅफेवाले आता गिऱ्हाइकाला शाल देतात. पॅरिसच्या थंडीत जे त्यांनी काढून टाकलं, ते आपण पुण्याच्या चौदा अंशांत भाड्यानं आणतोय.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

भाड्यावाल्यानं घरगुती लाल सिलिंडर आणले, १४.२ किलोचे. असे धंद्यासाठी वापरता येत नाहीत. तो म्हणे, “मॅडम, सगळीकडे हेच चालतंय.” परत पाठवले. दीड तासानं १९ किलोचे निळे आले. लिफ्टमधून माणसांबरोबर न्यायला निघाला होता, तेही थांबवलं. कल्चरलवाले माझ्यावर नाराज. ताणकाट्यावर दोन्ही सिलिंडरांची वजनं घेऊन खडूनं त्यांच्यावरच लिहिली.

१ जानेवारी

आठ ते एक, पाच तास. एक सिलिंडर ४.६ किलोनं हलका, दुसरा ४.१. काटा न लावताही अंदाज येत होता : गॅस उकळताना सिलिंडर गार पडतो आणि आतल्या पातळीपर्यंत बाहेरून दव धरतं. मध्यरात्रीला दवाची रेघ चांगली चार बोटं खाली आली होती.

गच्चीवर १४ अंश, वारा मध्यम. हीटरपासून एक मीटरवर उभ्या माणसाच्या शर्टाचं तापमान ३३, दोन मीटरवर २१, तीन मीटरवर हीटर आहे की नाही ते कळत नाही. वरची जाळी लालभडक, तिच्या किरणांची ऊब खरी. पण जळलेला गरम वायू छत्रीच्या कडेनं वर निघून जातो. छत्रीच्या वर काठीला थर्मामीटर बांधून धरला तर ६० च्या पुढे गेला. म्हणजे आभाळ शेकायचा कार्यक्रम. वाऱ्याची झुळूक आली की जाळीची एक बाजू काळी पडायची.

पावणेबाराला सगळे नाचत होते आणि हीटरपाशी फक्त प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. ते बंद करावेत असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी आकडे लिहीत होते.

५ जानेवारी, कमिटीची मीटिंग

आकडे फळ्यावर लिहिले. ८.७ किलो गॅस. एलपीजी जळाला की किलोमागे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे २६ किलो. दोन्ही गेटांच्या मॅट आठ तास चालल्या तर १.१२ युनिट, म्हणजे पाऊण किलोच्या जरा वर. गच्चीवरच्या एका रात्रीत वॉचमनच्या ३३ रात्री बसतात.

बी विंगवाल्या काकूंनी योग्य शंका काढली : “पण गॅसचा धूर नव्हता ना. माझा त्रास धुराचा आहे.” बरोबर आहे त्यांचं. मी तोवर दोन गोष्टी एकत्र करत होते. सेन्सर त्या रात्री गच्चीवरही टांगला होता. फटाके वगळले तर गॅस हीटरनं त्यात काही भर पडल्याचं दिसत नाही. शेकोटीचा उपद्रव इथल्या इथं, छातीत जाणारा. पाचोळ्याचा कार्बन तसाही कुजून हवेतच जायचा. गॅस हीटरचा उपद्रव दिसत नाही, वास येत नाही, आणि पार्टीला आलेल्यांपैकी कुणाच्याच अंगणात पडत नाही. म्हणून एकावर तीन तक्रारी आणि दुसऱ्यावर फोटो.

ठरलं ते असं : गेटवर मॅट-गोधडी चालू. केबिनला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं उपकरण), इलेक्ट्रिशियनकडून. पुढच्या वर्षी गच्चीवर हीटर नको. मंडपवाल्याकडून वर कापडी छत आणि बाजूला कनाती घ्यायच्या. शेवटच्या मुद्द्यावर कल्चरलच्या सेक्रेटरी हसल्या. इतिवृत्तात नोंद आहे.

१७ जानेवारी

पहाटे गेटवर ८.९, या हिवाळ्यातलं माझ्या थर्मामीटरवरचं सगळ्यात कमी. तारीखही योगायोगाची : १९३५ मध्ये याच दिवशी पुण्यात १.७ अंशांची नोंद झाली होती, तो शहराचा नीचांक अजून मोडलेला नाही.

खाली गेले तर दोन नंबर गेटवर शेकोटी. छोटी, तीन-चार लाकडांची, घमेल्याएवढी. भोवती पेपरवाली दोन पोरं, दूधवाला, काका. काका जरा ओशाळले. “मॅट चांगली हाय मॅडम, पाय झ्याक राहत्यात. पण पोरं येतात सकाळची सायकलवरनं, त्यांचे हात बघा.” एकाचा हात हातात घेऊन दाखवला. नखं निळी, बोटं वळत नव्हती, पेपरची घडी दातात धरून सोडवत होता.

मी बसले. लाकूड बाभळीचं होतं, चांगलं वाळलेलं, दूधवाल्यानं आणलेलं. सेन्सर पाऊण तास नव्वदच्या वर गेला नाही. साडेपाचला विझवून पाणी मारलं. ग्रुपवर टाकलं नाही.

सोमवारी पोरांसाठी लोकरी हातमोजे बघते. सहा हजारांतले पन्नास रुपये शिल्लक आहेत, बाकीचे माझे.

९ फेब्रुवारी

मॅट गुंडाळून स्टोअरमध्ये. एक नंबरच्या मॅटची वायर उंदरानं कुरतडली आहे, दुरुस्तीला टाकायची. गोधड्या धुवायला काकांनी घरी नेल्या. पोरगा परवा नोकरी सोडून गेला, हडपसरला पगार जास्त आहे म्हणे. त्याच्या जागी आलेल्याला निखाऱ्याचं सगळं पुन्हा सांगितलं.

नवीन अडचण : पाचोळा. शेकोटी होती तोवर रोज थोडा जळायचा, आता पानगळ सुरू झाली आणि कंपोस्टचे दोन्ही खड्डे भरून वाहताहेत. माळीकाका कपाळाला हात लावून बसले. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ नावाचा मंच आहे, ज्यांच्याकडे पाचोळा जास्त त्यांची आणि ज्यांना बागेसाठी तो हवा त्यांची गाठ घालून देतो. तिथं नाव नोंदवलं. बावधनहून एकीचा फोन आला, पोती घेऊन रविवारी येते म्हणाली. तिला अकरा पोती लागतील; आमच्याकडे आत्ताच चौदा भरली आहेत.